सेकंदाला बारा

रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या ऑफिसात भास्कर घाटोळ्यांना पाठीमागे काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘बत्ती बुझाओ अंकल’. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण म्हणतात. ऑफिस वेबसाइटी बनवतं. बनवणारी सगळी पंचविशीतली पोरं, आणि त्यांच्यात हा एकटा पन्नाशी उलटलेला, अर्धे केस पिकलेला, खिशात चष्म्याचं घर घेऊन फिरणारा माणूस. साइट गिऱ्हाइकाच्या हवाली करायच्या आधी यांच्या डोळ्यांखालून जाते, आणि जे काही लखलखत असेल ते यांनी बंद करायला लावलंच म्हणून समजा.

“यशदीप, हे काहून नाचून राहिलं?”

“अंकल, ध्यान खींचता है.”

“ध्यान खींचते की डोळे खींचते? बंद कर.”

यशदीप तिथला सगळ्यात हुशार पोट्टा. त्याच्याकडे आता अशी सॉफ्टवेअरं आहेत, की ज्या हलत्या चित्राला पूर्वी आठ दिवस लागायचे ते चहा निवायच्या आत तयार होतं. आणि हाती कोलीत आलं की माणूस काय करतो ते सांगायला नकोच. बटण नाचतं, अक्षरं उड्या मारतात, जाहिरातीतली वीज कडाडते. भास्करभाऊ मनगटावरचं घड्याळ समोर धरतात आणि बोटांवर मोजतात. एका सेकंदात तीनदा लखलखलं तर ठीक. चौथ्यांदा लखलखलं की संपलं. तिथं मग मालकाचंसुद्धा चालत नाही.

नवा पोरगा आठ दिवस हसतो. मग भास्करभाऊ त्याला खाली टपरीवर चहाला नेतात आणि सगळं सांगतात. अगदी सगळं, काही झाकून न ठेवता. चहा पिऊन वर आलेला पोरगा त्यानंतर हसलेला कोणी पाहिलेला नाही.

ते सांगतात ते असं.

भास्करचे वडील शंकरराव रेल्वेत होते. वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. पोराला वाटलं असतं तर तोही रेल्वेत चिकटला असता, पण याचा हात चित्रकलेचा. दुकानांचे बोर्ड रंगवायचा, लग्नाच्या पत्रिका काढून द्यायचा. तेवढ्यात छत्तीसगढ हे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावाला जे चढलं ते काही विचारू नका! काल ज्याच्या दुकानावर नीट पाटी नव्हती त्याला आज वेबसाइट पाहिजे. का पाहिजे ते त्याला सांगता यायचं नाही. शेजारच्याची झाली म्हणून माझी पाहिजे, एवढंच.

त्याच सुमाराला भास्करच्या हाती फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर आलं. कोणी शिकवलं नाही, बापड्यानं सीडीवरून दोन महिन्यांत स्वतः शिकून घेतलं. अहो, जन्मभर भिंतीवर चित्रं काढणारा माणूस, आणि त्याचं चित्र एक दिवस हललं! पणती काढली होती. तिची ज्योत वाऱ्यानं हलावी तशी हलली. त्यानं मंदाकिनीला, म्हणजे बायकोला, पोळ्या लाटत असताना तशीच पिठाच्या हातानं ओढून आणलं. ती म्हणाली, “अगं बाई, हलून राहिली की!” त्या दिवशी घाटोळ्यांच्या घरात दिवाळीच होती.

समता कॉलोनीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यानं टेबल टाकलं आणि काम सुरू झालं. शहरात याचं नाव झालं ते ‘इंट्रो’वाला म्हणून. साइट उघडली की आधी अर्धं मिनिट तमाशा: ढग फाटतात, वीज पडते, मालकाचं नाव गरगर फिरत येतं, आणि मग कुठं दुकानाचा पत्ता दिसतो. ज्याला नुसता फोन नंबर पाहिजे त्यानं बसावं वाट बघत. ‘पुढे चला’ असं एक बटण ठेवावं लागायचं, ते भास्कर मुंगीएवढं करून कोपऱ्यात टाकायचा. इतक्या मेहनतीनं केलेलं कोणी न बघता पुढे जातं म्हणजे काय!

या सगळ्याची पहिली प्रेक्षक राधिका, त्याची एकुलती एक मुलगी. काम पुरं झालं की गिऱ्हाइकाच्या आधी हाक तिला. “राधिके, ये बरं, पास कर.” पाच-सहा वर्षांची होती तेव्हापासून ही रीत. ती स्टुलावर चढायची, हनुवटी टेबलाला टेकवायची आणि पडद्याच्या अगदी पुढ्यात डोळे नेऊन बघायची. खोलीचा पडदा ओढून अंधार करायचा, म्हणजे रंग खुलतात. मग साहेबीण निकाल द्यायची. “पास.” नाहीतर, “और तेज करो ना, बाबा.” मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत. मंदाकिनी ओरडायची, “मराठीत बोल ना माय!” की “हव” म्हणून पळून जायची. शाळेतल्या छत्तीसगढी पोरींकडून उचललेलं ते होकाराचं ‘हव’ तिच्या तोंडात पक्कं बसलं होतं.

ती म्हणायची आणखी जोरात, की हा करायचा आणखी जोरात. फ्लॅशमध्ये एका सेकंदात किती चित्रं फिरवायची ते आपण ठरवायचं असतं. भास्करनं चोवीस ठरवून टाकलेली. एक चित्र लाल, एक पांढरं, पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. म्हणजे सेकंदाला बारा वेळा लखलखाट. बाराच्या खाली गेलं की लुकलुकतं, आणि बाराला पोचलं की डोळ्यांत घुसतं, असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा.

या बाराचा सगळ्यात झकास नमुना होता धर्मपालजींची साइट. धर्मपालजी म्हणजे गोल बाजाराजवळचे ड्रेसवाले. शाळांच्या वार्षिक कार्यक्रमांना लागणारे कृष्णाचे मुकुट, परीचे पंख, आदिवासी नाचाचे पोशाख भाड्यानं देणारे. गावातल्या प्रत्येक पोराचं माप त्यांच्या फितीनं कधी ना कधी घेतलेलं. त्यांना भास्करनं असं करून दिलं, की साइट उघडली की काळ्या पडद्यावर दुकानाचं नाव आठ सेकंद लाल-पांढरं लखलखायचं, जत्रेतल्या दिव्यांच्या कमानीसारखं. राधिकेनं टाळ्या वाजवून पास केलं होतं. धर्मपालजींनी ते पाहिलं आणि उठून भास्करला मिठी मारली. “भैया, आपने तो दुकान में मेला लगा दिया!”

राधिका अकरा वर्षांची झाली आणि तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या. सकाळी दुधाचा पेला उचलला की हात एकदम झटका द्यायचा आणि दूध भिंतीवर. घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी वांड झाली. मंदाकिनीनं एकदा पाठीत धपाटा घातला. तो धपाटा तिला पुढं किती वर्षं टोचत राहिला, तिचं तिलाच माहीत.

मग एका दुपारी स्टुलावर बसून बाबांचं नवं काम बघता बघता तिचे डोळे वर गेले, मान एका बाजूला ओढली गेली आणि पोरगी धाडकन खाली. हात-पाय ताठ, मग झटक्यांवर झटके. भास्करची आई कांदा फोडून धावत आली, शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवायला आणली, आणि भास्करनं दातांत चमचा घालायची धडपड केली. पाच मिनिटांनी शांत झाली. डोळे उघडून विचारते कशी, “क्या हुआ? पास किया क्या मैंने?”

दृष्ट काढली. पुन्हा आले झटके. तिसऱ्यांदा आले तेव्हा मंदाकिनी म्हणाली, “अहो, हिले इथंच काहून होऊन राहिलं? शाळेत नाही, स्वयंपाकघरात नाही. तुमच्या टेबलापाशीच काहून?”

बाईनं खिळ्यावर हातोडा मारला होता. आणि आमच्या या हुशार कलाकारानं काय करावं? वास्तू बघणाऱ्याला बोलावलं! त्यानं सांगितलं, टेबल दक्षिणेला आहे, दोष आहे, पूर्वेच्या भिंतीला लावा. लावलं. त्या भिंतीपाशी चौथ्यांदा.

तेव्हा कुठं नागपूर सुचलं. रायपूरच्या मराठी माणसाला मोठं दुखणं म्हटलं की नागपूर, दुसरं गाव माहीत नाही. तिथं एका डॉक्टरांनी तिच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला सांगितला. ती पोरगी गादीवर निजलेली, केसांत चिकट मलम, आणि कागदावर तिच्या मेंदूच्या बारीक रेघा शहाण्यासारख्या एका ओळीत चाललेल्या. भास्करला आत थांबू दिलं होतं. मग मशीन चालवणाऱ्या बाईंनी तिच्या चेहऱ्यासमोर एक दिवा धरला आणि म्हणाल्या, “घाबरू नको हं, नुसता लुकलुकेल.” सेकंदाला दोन वेळा. रेघा शांत. चार. शांत. आठ. जराशा हलल्या. बाईंनी कळ आणखी फिरवली आणि रेघा एकदम पिसाळल्या, कागदभर नाचल्या. राधिकेचा हात गादीवर उडाला. बाईंनी झटकन दिवा बंद केला.

मशीनवर आकडा होता. भास्करनं वाचला. बारा.

त्याला तो आकडा कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खाली बसला तो भिंतीला टेकून, तिथंच, चपला काढायच्या जागी.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, “तुमच्यामुळे हे झालेलं नाही. तिच्या मेंदूत हे होतंच, लखलखाटानं फक्त बाहेर आलं. गोळ्या चुकवू नका, अशा दिव्यांपासून जपा. पुष्कळ पोरांचं वय वाढलं की हे कमी होतं.” मग राधिकेला म्हणाला, “समोर काही लखलखलं की डोळे मिटत बसू नको. तळहातानं एक डोळा गच्च झाक आणि तोंड फिरव. अर्धा धोका तिथंच टळतो.” आणि जाताना दारात, “शाळेत सांगून ठेवा. जिथं जिथं ती जाते तिथं सांगा. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही.”

परतीच्या गाडीत राधिका मंदाकिनीच्या मांडीवर निजली. गोंदिया गेलं तसा भास्कर म्हणाला, “मंदा, हे कोणाले सांगायचं नाही.”

“शाळेत तरी? डॉक्टर म्हणाले ना.”

“कोणालेच नाही. एकदा मिरगीवाली म्हणून नाव पडलं, की पोट्टीचं आयुष्य गेलं.”

त्याला आठवत होती वर्ध्याची आत्या. तिला झटके यायचे, सगळ्या गावाला माहीत. लग्न जमलं नाही, मागच्या खोलीत जन्म गेला, लग्नकार्यात तिला पुढं बसू द्यायचे नाहीत. राधिकेच्या वाट्याला ती खोली येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. वाईट काही नव्हतं हो त्याच्या मनात. घरी आल्यावर भास्करच्या आईनंही मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची! आपल्या लोकांना ही म्हण फार आवडते. मूठ झाकून ठेवली की आतलं कुजतं, हे कोणत्या म्हणीत सांगितलेलं नाही. गोळ्या ‘ताकदीच्या’ झाल्या. पोरीला बजावलं, डोळा झाकायची युक्ती करायची, पण चारचौघांत दाखवून नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, हे कोणी विचारलं नाही.

घरातली सगळी लखलखणारी कामं भास्करनं त्याच आठवड्यात पुसून टाकली. मग वाचायला बसला. वेबसाइट कशी असावी याचे नियम जगातल्या जाणत्यांनी कधीचे लिहून ठेवले होते, त्यात साफ होतं: एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू देऊ नका, लोकांना झटके येतात. लखलखाटापासून जपा, हे तर त्याच्या कामाच्या आधीपासून लिहिलेलं होतं. दोन महिन्यांत सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला एक पान वाचायला आठ वर्षं लागली.

मग तो विकलेल्या साइटींच्या मागं लागला. बऱ्याच जणांचे पासवर्ड याच्याकडेच होते, त्यांचं गुपचूप बदललं. लखलख काढून हलकेच उमलणारं नाव टाकलं. बहुतेकांना पत्ताही लागला नाही. यावरून त्या लखलखाटाची किंमत काय होती ते समजून घ्या.

धर्मपालजींना मात्र तिसऱ्या दिवशी कळलं. ते रोज सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावायचे आणि मग आपली साइट उघडून बघायचे, देवदर्शन घ्यावं तसे. दुपारी ते थेट घरी.

“भैया, मेरा मेला कहाँ गया?”

“धर्मपालजी, वो... ब्राउजर का प्रॉब्लम है. ऐसी चीजें आजकल ठीक से चलती नहीं.”

“अच्छा-भला चल रहा था! भतीजे ने दिखाया. दूसरों का भी चल रहा है.” धर्मपालजींचा चेहरा पडला. “कोई गलती हुई क्या हमसे? सीधा बताओ.”

आत राधिका गृहपाठ करत होती. दाराआड मंदाकिनी उभी होती, हातातलं फडकं घट्ट धरून, नवरा आता सांगेल म्हणून. तिनं नंतर सांगितलं, की ती मनातल्या मनात म्हणत होती, सांगा हो, सांगून टाका. जिभेच्या टोकावर आलेलं भास्करनं गिळलं. या माणसाच्या दुकानात सगळ्या शाळा येतात, सगळ्या बाया येतात. याला कळलं म्हणजे रायपूरला कळलं. आणि खरं सांगायचं तर, ज्याच्या कामानं स्वतःची पोरगी पडते त्याला काम कोण देणार, हेही मनाच्या तळाशी होतंच.

“नहीं, नहीं. गलती कैसी,” तो म्हणाला. आणि धर्मपालजींना शेजारी बसवून, राधिकेच्या स्टुलावर बसवून, त्यानं तो लखलखाट स्वतःच्या हातानं परत लावला. मनाची समजूत घातली, की ड्रेसवाल्याची साइट ती कशाला बघायला जाते.

दोन वर्षं चांगली गेली. गोळ्यांनी झटके थांबले, हातातून पेले पडायचे थांबले. राधिका तेरा वर्षांची झाली, उंच झाली, नाचायला लागली. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तिला राऊत नाचात, म्हणजे तिकडच्या गवळ्यांच्या नाचात, घेतलं. आनंदानं घरभर उड्या. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी जेवून ती दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या पायलकडे गेली. पोशाख कोणते घ्यायचे ते मुलींना ठरवायचं होतं. रायपुरात पोशाख म्हटला की धर्मपालजी. पायलनं कॉम्प्युटर लावला, साइटचं नाव टाकलं.

पाऊण तासानं पायलचा भाऊ जोरात सायकल मारत आला.

पायलच्या आईला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणच नव्हतं. चार वर्षं ही पोरगी तिच्या घरी येत होती आणि तिला एका शब्दानं कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी खाली पडून झटके देते आहे, तोंडाला फेस आला आहे, हे बघून त्या बाईनं जे कोणतीही आई करेल ते केलं. डोकं मांडीवर घेतलं, आणि तांब्यानं तोंडात पाणी घातलं. घालतच राहिली, शुद्धीवर यावी म्हणून.

पाणी फुप्फुसात गेलं होतं. तीन दिवस राधिका दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

पायलची आई दारात येऊन कोसळली. “मैंने तो पानी ही पिलाया था, भाभी. पानी ही तो पिलाया था.” मंदाकिनीनं तिला पोटाशी धरलं. तिनं काय बोलावं? तिला माहीत होतं दोष कुणाचा, आणि तो दोष शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पायल मागाहून एकटी आली. कोणी विचारलं नसताना तिनं भास्करला सांगितलं. “अंकल, वो बहुत खुश थी. बोली, ये मेरे बाबा ने बनाया है. फिर लाइट चमकने लगी तो उसने हाथ ऐसे उठाया, आँख तक. मैंने पूछा, क्या हुआ? तो बोली, कुछ नहीं. और हाथ नीचे कर लिया.”

 भास्करनंच शिकवलं होतं, चारचौघांत दाखवायचं नाही. पोरीनं बापाचं ऐकलं होतं. तिच्यासारखी पोरं असतातच अशी, बाबांनी सांगितलं की सांगितलं. एकदा उलटून बोलली असती, एकदा हट्ट केला असता, तर आज नाचून घरी आली असती.

तेरवीला धर्मपालजी आले. मूल गेल्याचं कोणाकडून तरी कळलं होतं, कसं गेलं ते नव्हतं. पांढरा कुर्ता घालून आले, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसले. पाहुणे उठून गेले तरी ते बसून राहिले. “फूल जैसी बच्ची थी, भैया. इसी साल माप लेने वाला था.”

आणि मग भास्कर बोलला. आता लपवायला उरलं तरी काय होतं? लग्न उरलं नव्हतं, नाव पडायला माणूस उरलं नव्हतं. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्टूल, कांदा, नागपूर, तो आकडा, गाडीतलं बोलणं, आणि पायलच्या घरी त्या दिवशी पडद्यावर काय लागलं होतं तेही.

धर्मपालजींनी टेबलावरच्या बंद कॉम्प्युटरकडे बोट केलं.

“मेरा मेला?” ते म्हणाले.

“आपका नहीं. मैंने बनाया था.”

“आप उस दिन बोले थे, ब्राउजर का प्रॉब्लम है.”

“हाँ.”

“क्यों बोले ऐसा?” म्हातारा एकदम ओरडला, रडतच ओरडला. “बोल देते ना, बिटिया को तकलीफ होती है! मैं क्या उस बत्ती को चाटता? उसी दिन उतरवा देता, भैया. आपके सामने, उसी घड़ी. एक बार बोलते तो सही. मेरे को पराया समझा?”

 बारा वर्षं रोज विचार करूनही भास्करला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

“अभी उतारो,” धर्मपालजी म्हणाले. “मेरे सामने उतारो. और एक मिनट नहीं रहेगी.”

भास्कर उठला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं कॉम्प्युटर लावला. फाइल उघडली. लाल चित्र पुसलं, पांढरं पुसलं, दुकानाचं नाव साधं, स्थिर ठेवलं, आणि साइटवर चढवून दिलं. धर्मपालजी शेजारी उभे होते, पडद्याकडे न बघता, डोळ्यांवर रुमाल धरून.

मंदाकिनी चहा घेऊन आली होती. दारातच थांबून तिनं सगळं बघितलं होतं. धर्मपालजी गेल्यावर तिनं कप टेबलावर ठेवला. चहा अजून गरम होता, वर साय धरायची होती.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“एवढंच काम होतं?”

भास्करनं मान डोलावली. एवढंच होतं.